कार्यालयाचा लॅपटॉप : यंत्र एक, मते चार

या अंकासाठी आलेल्या पत्रांत कार्यालयीन संगणक-खरेदीविषयीची पत्रे बरीच होती आणि त्यांतील बहुतेकांत यंत्राच्या प्रश्नाबरोबर सहकाऱ्यांशी झालेल्या मतभेदाचाही उल्लेख होता. त्यामुळे या वेळी त्याच विषयावरील चार पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात आहे. कार्यालय गावाबाहेर, गोदामाला लागून टिनाच्या शेडमध्ये आहे. कार्यालयाचा जुना लॅपटॉप 2016 सालचा असून तो आता सुरू व्हायलाच चहा पिऊन होतो. संचालक मंडळाने नवीन खरेदीसाठी एक लाख वीस हजार रुपये मंजूर केले, आणि तेव्हापासून कार्यालयात शांतता राहिलेली नाही. अध्यक्षांच्या मते मोठ्या पडद्याचा, ‘गेमिंग’चा दमदार लॅपटॉप घ्यावा, कारण तो दहा वर्षे टिकेल, तसा लॅपटॉप त्यांच्या भाच्याच्या दुकानात सव्वा लाखापर्यंत मिळतो. लेखापाल म्हणतात की आकड्यांची वेगळी पट्टी असलेला कळफलक नसेल तर मी टॅली या जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरला हात लावणार नाही. आमचा क्षेत्र समन्वयक दिवसभर मोटारसायकलवर कास्तकारांच्या वावरात असतो. त्याला हलका आणि जास्त वेळ चालणारा लॅपटॉप हवा आहे. एका संचालकांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्याने फोनवरून मॅकबुक सुचवला आहे. दुसऱ्या एका दुकानदाराने 14 इंची साध्या व्यावसायिक लॅपटॉपचे करासह 48 हजार रुपयांचे कोटेशन दिले आहे. मी व्यवस्थापक आहे. कोणाचेही ऐकले तरी बाकीचे तिघे रुसतात. काय घ्यावे आणि कोणाला न दुखवता कसे घ्यावे?

उत्तर : आपण वर्णन केलेल्या चौघांपैकी कोणाचीही मागणी अवाजवी नाही, अडचण एवढीच आहे की चौघेही एकाच यंत्रावर हक्क सांगत आहेत. दिवसभर एका टेबलावर जमाखर्च लिहिणारा माणूस आणि दिवसभर वावरात फिरणारा माणूस यांचे काम एकाच लॅपटॉपवर बसवायचे ठरवले, तर तो कितीही महाग घेतला तरी तो दोघांनाही अपुराच पडेल, आणि कंपनीचा माणूस पेरणीच्या ऐन हंगामात दुसऱ्याचे काम संपण्याची वाट पाहत बसेल. म्हणून माझा सल्ला असा की, सव्वा लाखाचे एक यंत्र घेण्याऐवजी 48 हजारांच्या कोटेशनमधील एकाच बनावटीचे, एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप घ्यावेत आणि उरलेल्या चोवीस हजारांत बाकीचे साहित्य बसवावे. दोन्ही यंत्रे सारखी असण्याचा मोठा फायदा म्हणजे चार्जर अदलाबदल करून वापरता येतात. शिवाय कोणाचा लॅपटॉप भारी आणि कोणाचा हलका, हा प्रश्नच उद्भवत नाही. लहान कार्यालयात हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा कमी मोलाचा नसतो.

लेखापालांचा आग्रह मान्य करावा, मात्र त्यासाठी अशी पट्टी असलेला मोठा, 15.6 इंची लॅपटॉप घेण्याची गरज नाही. आकड्यांची पट्टी असलेला वेगळा, वायरचा कळफलक काही शेकड्यांत मिळतो. त्याच्या जोडीला बावीस इंचांच्या आसपासचा मॉनिटर एचडीएमआय वायरने जोडून दिला, की त्यांना टॅलीचे खाते आणि बँकेचे विवरण शेजारी शेजारी उघडून ताळा करता येईल आणि मान वाकवून लहान पडद्यावर डोळे ताणण्याचे कारण उरणार नाही. दिवसभर आकडे भरणाऱ्या माणसाच्या मनगटाला आणि मानेला जे सोसावे लागते, ते सभेत कोटेशन वाचणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

समन्वयकाच्या लॅपटॉपसाठी वजन दीड किलोच्या आसपास असावे, पडदा चकाकणारा नसावा आणि त्याची उजळता 300 निट्स किंवा अधिक असावी. स्वस्त लॅपटॉपमध्ये 220 ते 250 निट्सचे पडदे सर्रास येतात. ते खोलीत चांगले दिसतात, पण बांधावरच्या कडुनिंबाखाली बसून सभासदाचा सातबारा उघडला तर अक्षरे शोधावी लागतात. दुकानात पाहताना लॅपटॉप दुकानाच्या दाराबाहेर उन्हाच्या कडेला नेऊन पाहावा. दुकानदार हसला तरी चालेल. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत विचारावी. 50 वॉट-तासांच्या वर असेल तर साध्या कामाला बराच वेळ पुरते. चार्जिंग यूएसबी-सी मुखातून (पोर्टमधून) होणारे असावे, म्हणजे 65 वॉटचा एकच चार्जर दोन्ही लॅपटॉपना आणि मोबाइललाही चालतो. याच पद्धतीने लॅपटॉप चार्ज करू शकणारी 20,000 एमएएचची पॉवर बँक घेतली, तर तिच्यात सुमारे 74 वॉट-तास ऊर्जा असते. घट धरली तरी लॅपटॉप एकदा पूर्ण भरण्याइतकी ती पुरते. घेताना मात्र तिचे आउटपुट 65 वॉटचे आहे की केवळ मोबाइलपुरते, हे पाहून घ्यावे.

अंतर्गत भागांविषयी फार विस्तार करण्याची गरज नाही. माहिती साठवणारी एसएसडी 512 जीबी, कामापुरती स्मृती म्हणजे रॅम शक्यतो 16 जीबी. पैसे कमी पडले तर 8 जीबीवरही टॅली आणि इंटरनेट चालते. मात्र अशा वेळी रॅम पुढे वाढवता येईल अशी मोकळी खाच आहे की ती बोर्डावरच पक्की जोडलेली आहे, हे आधी विचारावे. मधल्या श्रेणीचा, अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर आपल्या कामाला भरपूर होतो. गेमिंग लॅपटॉपमधील स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा टॅलीला, पत्रव्यवहाराला किंवा ऑनलाइन अर्जांना काहीही उपयोग होत नाही. उलट त्याचा अडॅप्टर बहुधा दीडशे-दोनशे वॉटचा असतो, तो इन्व्हर्टरवर भार टाकतो आणि यंत्र तापवतो. अध्यक्षांना हे सांगताना ‘आपला पर्याय चुकीचा आहे’ असे न म्हणता, लाइन गेल्यावर त्या लॅपटॉपवर इन्व्हर्टर किती वेळ टिकेल, याचे गणित कागदावर मांडून दाखवावे.

मॅकबुकविषयीही असेच. ते यंत्र उत्तम आहे, पण टॅली हे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर आहे आणि मॅकवर ते थेट चालत नाही. कंपनी निबंधकांकडे विवरणपत्रे दाखल करताना लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि आधार पडताळणीचे बोटांच्या ठशांचे यंत्र यांची सॉफ्टवेअरेही प्रामुख्याने विंडोज गृहीत धरूनच दिलेली असतात. पुण्याच्या कार्यालयात जे सोयीचे ठरते ते घाटंजीत अडेल, कारण पुण्यात अडल्यास मदतीला माणूस शेजारच्या टेबलावर असतो. टोकन आणि ठशांचे यंत्र ही दोन्ही साधने जुन्या, चपट्या यूएसबी मुखात बसतात, म्हणून नव्या लॅपटॉपला अशी किमान दोन मुखे आहेत याची खात्री करून घ्यावी. नसतील तर जोडणीसाठी हब घ्यावा लागतो आणि तो पहिल्या महिन्यातच कोणाच्या तरी पिशवीतून घरी जातो.

आता ज्याविषयी आपल्या पत्रात कोणीच आग्रह धरलेला नाही, त्या गोष्टीकडे येतो. विदर्भातील ग्रामीण कार्यालयात लॅपटॉप जुना होऊन क्वचितच निकामी होतो. त्याला वीज, ऊन आणि धूळ आधी गाठतात. आपले शेड गावाबाहेर आहे, तेव्हा कार्यालयाची जोडणी गावठाण फीडरवर (गावाला वीज देणाऱ्या वाहिनीवर) आहे की शेतीपंपांच्या फीडरवर, हे महावितरणच्या लाइनमनला विचारून घ्यावे. शेतीपंपांच्या फीडरवर तीन फेजचा पुरवठा पाळीपाळीने मिळतो आणि ओलिताच्या दिवसांत सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की विजेचा दाब खाली येतो. लॅपटॉपचा अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे दाब उतरल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. धोका उलट बाजूने असतो. वादळात न्यूट्रलची तार तुटली तर 230 व्होल्टच्या जागी 400 व्होल्टच्या आसपास दाब सॉकेटमध्ये येऊ शकतो आणि अशा वेळी बाजारात ‘स्पाइक गार्ड’ म्हणून मिळणारी पट्टी पुरेशी पडत नाही. क्षणिक उसळी ती अडवते, पण मिनिटभर टिकणारा जास्त दाब तिच्याने थांबत नाही, ती स्वतःच जळते. त्यासाठी मुख्य बोर्डावर दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारे यंत्र परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावे.

अर्थिंगचेही तसेच. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना त्याच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवले आणि झिणझिण्या किंवा खरखर जाणवली, तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा खड्ड्यातील माती पूर्ण वाळली आहे, असे पहिल्यांदा समजावे. दोन पिनांच्या चार्जरवर अर्थिंग असूनही अशी झिणझिण जाणवू शकते, म्हणून तीन पिनांचा चार्जर लावून ही परीक्षा करावी. मार्च ते जून या काळात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमाने पाणी घालण्याचे काम शिपायाच्या कामांच्या यादीत लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले पाणी एप्रिलनंतर कोणी घालत नाही. वळवाचे ढग भरून आले की चार्जर काढावा आणि इंटरनेटची तांब्याची वायरही काढावी, कारण विजेची उसळी त्या वायरनेही आत येते.

उष्णतेविषयी. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत लॅपटॉप वापरण्यासाठी सभोवतालचे तापमान 35 अंश सेल्सिअसपर्यंत असावे असे लिहिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 अंश असते आणि टिनाखाली त्याहून कमी नसते. टिनाखाली थर्माकोलचे किंवा तत्सम छत लावणे, दुपारी एक ते चार या वेळात जड काम टाळणे आणि लॅपटॉप थोडा उचलून ठेवणारे स्टँड वापरणे, एवढे तरी करावे. कूलर असेल तर लॅपटॉप त्याच्या थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर येणाऱ्या बारीक तुषारांतले क्षार आतल्या बोर्डावर बसतात. सतत चार्जिंगला राहणाऱ्या लेखापालांच्या लॅपटॉपवर बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय सुरू करावी. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर झिजते आणि पुढे फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखे दिसू लागले, तर तो लॅपटॉप त्याच दिवशी बंद करून बॅटरी काढून घ्यावी. समन्वयकानेही लॅपटॉप मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये.

गोदामात कापूस किंवा तूर येत असेल तर हवा आत घेण्याच्या जाळीवर रुईचे तंतू आणि भुसा अगदी नमद्यासारखा बसतो. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज वाढला की बहुधा कारण हेच असते. हंगामात महिन्यातून एकदा लॅपटॉप बंद करून, पंख्याचे पाते काडीने स्थिर धरून, हवेच्या लहान झोताने जाळी साफ करावी. पाते मोकळे ठेवून जोराची हवा मारली तर पंख्याचे बेअरिंग जाते.

राहिला भाच्याच्या दुकानाचा प्रश्न, आणि आपण तो अगदी हलक्या हाताने लिहिला असला तरी कार्यालयातील कुजबुज त्याच्याच भोवती असणार, असे मला वाटते. कंपनी कायद्यातील ‘नातेवाईक’ या व्याख्येत भाचा येत नाही. त्यामुळे त्या दुकानातून खरेदी करणे एवढ्याने बेकायदेशीर ठरत नाही. तरीही सभासदांच्या पैशाने खरेदी होत असताना अध्यक्षांनी स्वतःच सभेत तो संबंध सांगावा, तशी इतिवृत्तात नोंद व्हावी आणि त्या ठरावावर मतदान करताना त्यांनी बाजूला राहावे, हे त्यांच्याच हिताचे आहे. आपण तीन दुकानांना एकच लेखी मागणीपत्र पाठवावे. त्यात मॉडेलचे नाव न लिहिता वजन, पडद्याची उजळता, बॅटरी, मुखे, रॅम, एसएसडी आणि वॉरंटीचा प्रकार लिहावा. मग भाच्याचे कोटेशन खरोखरच सरस आले तर ते स्वीकारायला कोणाची हरकत राहणार नाही, आणि आले नाही तर अध्यक्षांना आपल्यावर राग धरण्याचे कारण उरणार नाही. कामांची यादीही आपण एकट्याने करू नये; चौघांकडून प्रत्येकाने आठवड्यात संगणकावर काय काय केले ते त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. लिहायला बसल्यावर ‘दमदार’ या शब्दाखाली नेमके काम कोणते, हे ज्याचे त्यालाच दिसते.

वॉरंटी घेताना ‘ऑन-साइट’ म्हणजे माणूस कार्यालयात येऊन दुरुस्ती करतो ती, आणि आपल्या पिनकोडवर ती सेवा खरोखर मिळते का, हे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला स्वतः विचारावे. काही मॉडेलांना ‘कॅरी-इन’ वॉरंटी असते. तिच्यात लॅपटॉप सेवा केंद्रावर आपणच पोहोचवावा लागतो आणि आपल्या बाबतीत त्याचा अर्थ यवतमाळ किंवा नागपूरची फेरी असा होतो. बिलावर आपल्या कंपनीचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. 48 हजारांच्या किमतीत 18 टक्के दराने सुमारे 7,300 रुपये कर असतो आणि आपली कंपनी जीएसटीत नोंदणीकृत असेल तर त्याचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळू शकते. मात्र विक्रीत करमुक्त बियाण्यांसारख्या मालाचा वाटा असेल, तर त्या प्रमाणात ते कमी होते. हे गणित सनदी लेखापालांकडून करून घ्यावे. रक्कम बँकेतूनच द्यावी.

जुन्या लॅपटॉपविषयी एक सूचना. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची सर्वसाधारण सुरक्षा-अद्यतने थांबवली आणि 2016 चे यंत्र विंडोज 11 च्या अधिकृत अटींत बसत नाही, तेव्हा त्यावर यापुढे बँकेचे व्यवहार करू नयेत. त्यात हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी आणि विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली टाकून घेतली, तर पत्रे टंकायला आणि नव्या मुलांना शिकवायला ते आणखी काही काळ चालेल. मात्र त्या यंत्रातील माहिती पुसण्याआधी टॅलीचा बॅकअप बाहेरील डिस्कवर घ्यावा आणि टॅलीचा परवाना त्या यंत्रावरून ‘सरेंडर’ करावा. तसे केले नाही तर नव्या यंत्रावर परवाना सुरू करताना अडते, आणि हे नेमके विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला ध्यानात येते. दोन लॅपटॉपवर एकाच वेळी टॅली चालवायची असेल तर एका वापरकर्त्याचा सिल्व्हर परवाना पुरत नाही. माझ्या मते आपल्याला त्याची गरजही नाही. समन्वयकाने याद्या एक्सेलमध्ये द्याव्यात आणि टॅली लेखापालांच्याच हाती राहावी.

प्रश्न : आमची अनुदानित माध्यमिक शाळा गोंदिया जिल्ह्यात आहे. कार्यालयासाठी नवा लॅपटॉप आला, पण ज्येष्ठ लिपिक आणि एक तरुण शिक्षक यांच्यात कळफलकावरून रोज खटके उडतात. लिपिक महोदय जुन्या टंकयंत्राच्या रेमिंग्टन पद्धतीने झरझर टंकतात, शिक्षक इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवतात. जुनी सर्व पत्रे कृतिदेव फॉन्टमध्ये आहेत. मुख्याध्यापिका या नात्याने मी कोणाची बाजू घ्यावी?

उत्तर : ताई, कळफलकाच्या बाबतीत कोणाचीही बाजू घेऊ नये. विंडोजमध्ये एकाच लॅपटॉपवर दोन स्वतंत्र वापरकर्ता खाती काढता येतात आणि प्रत्येक खात्यात वेगळी टंकनपद्धत ठेवता येते. विंडोज 11 मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाणित) आणि मराठीचा फोनेटिक (उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांवरून टंकण्याचा) असे दोन्ही कळफलक मुळातच दिलेले असतात. शिक्षकांना फोनेटिक चालेल. रेमिंग्टन पद्धतीसाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते, पण ते युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतांत, लिहिणारे असावे, एवढाच आग्रह धरावा. ज्या माणसाची बोटे वर्षानुवर्षे एका पद्धतीवर बसली आहेत, त्याला निवृत्तीच्या उंबरठ्यावर ती बदलायला लावणे हा वेळेचा अपव्यय आहे.

फॉन्टच्या बाबतीत मात्र आपल्याला बाजू घ्यावी लागेल आणि ती युनिकोडची घ्यावी. कृतिदेवमध्ये पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. म्हणूनच ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. ऑनलाइन प्रणालीत विद्यार्थ्याचे नाव कृतिदेवमधून चिकटवता येत नाही, ते पुन्हा टंकावे लागते आणि तिथेच वेलांटीच्या चुका होतात. जुनी पत्रे सगळी बदलत बसू नये. दरवर्षी वापरात येणारे दाखल्यांचे, प्रमाणपत्रांचे आणि पत्रांचे नमुने तेवढे परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावेत आणि रफार, जोडाक्षरे व ‘ष’-‘श’ डोळ्यांनी तपासावेत. हे तपासण्याचे काम लिपिक महोदयांकडेच द्यावे. शाळेतील नावांचे शुद्धलेखन त्यांच्याइतके कोणाला पाठ असणार?

प्रश्न : आर्वी तालुक्यातील आमच्या पतसंस्थेत प्रिंटरवरून वाद आहे. शाखाधिकारी लेझर प्रिंटर घ्या म्हणतात, रोखपाल शाईच्या टाकीचा स्वस्त पडेल म्हणतात. लॅपटॉप आधीच घेतलेले आहेत, इन्व्हर्टर एकच आहे.

उत्तर : आपल्याकडे इन्व्हर्टर एकच आहे, यातच निम्मे उत्तर आहे. लेझर प्रिंटर टोनरची भुकटी कागदावर पक्की करण्यासाठी आतला रोलर तापवतो, त्या क्षणी तो शेकडो वॉट ओढतो आणि लहान इन्व्हर्टर किंवा यूपीएस त्या झटक्याने बंद पडतो. त्याच वेळी चालू असलेला व्यवहार अर्धवट राहिला तर रोखपालांचा दिवस त्यातच जातो. शाईच्या टाकीचा प्रिंटर साधारण वीस वॉटच्या आत छापतो. या हिशेबाने रोखपाल बरोबर आहेत.

परंतु शाखाधिकाऱ्यांचे म्हणणेही निराधार नाही. शाईचा प्रिंटर आठ-पंधरा दिवस पडून राहिला तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची छिद्रे सुकतात, आणि ती साफ करण्यात बरीच शाई वाया जाते. शिवाय साध्या शाईचे छापील अक्षर ओल्या बोटाने पसरते. ठेव पावतीसारख्या वर्षानुवर्षे जपायच्या कागदाला ते योग्य नाही. तुमच्याकडे रोज छपाई होत असेलच, तेव्हा शाईचा घ्यावा, मात्र काळ्या रंगासाठी पिगमेंट (रंगकणांची) शाई वापरणारे मॉडेल निवडावे, कारण ती पाण्याला बरीच टिकते. लेझरच घ्यायचा ठरला, तर तो थेट महावितरणच्या लाइनवर वेगळ्या सॉकेटला लावावा आणि लाइन नसताना छपाई होणार नाही, हे ग्राहकांच्या खिडकीवर लिहून ठेवावे.

प्रश्न : मी बचत गटांच्या प्रभागसंघात काम करते, जिल्हा चंद्रपूर. नवा घ्यायला पैसे नाहीत म्हणून नागपूरला सीताबर्डीच्या बाजारातून वापरलेला लॅपटॉप घ्यायचा विचार आहे. आमच्यातल्या दोघी म्हणतात की जुने यंत्र म्हणजे पैसे पाण्यात. आणि घेतलाच तर तो घरी कोण नेणार, यावरून आतापासूनच बोलणी सुरू झाली आहेत.

उत्तर : ताई, मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले व्यावसायिक श्रेणीचे लॅपटॉप, उदाहरणार्थ थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक, हे त्याच किमतीच्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा पुष्कळदा मजबूत निघतात, त्यांचा कळफलक, बिजागऱ्या आणि सुटे भाग चांगले असतात. तेव्हा आपला विचार वाईट नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा, म्हणजे विंडोज 11 अधिकृतपणे चालते. दुकानदारासमोर विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगावा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर किती भरते, हे दोन्ही आकडे येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा आणि बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी मूळ प्रणाली पासवर्ड मागते का, किंवा विंडोज नव्याने सुरू करताना जुन्या कंपनीचे नाव व खाते मागतो का, ते पाहावे. मागत असेल तर किंमत कितीही कमी असली तरी ते यंत्र घेऊ नये. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा; लॅपटॉप जुना चालेल, चार्जर नकली चालणार नाही. आणि तारीख, अनुक्रमांक व निदान काही महिन्यांची हमी लिहिलेले बिल घ्यावे. बिल द्यायला दुकानदार कांकू करू लागला तर पुढच्या दुकानात जावे.

घरी कोण नेणार, याचे उत्तर माझ्या मते कोणीही नेऊ नये हे आहे. तो प्रभागसंघाच्या कार्यालयातील कुलपाच्या कपाटात राहावा. गावी बैठकीला न्यायचा असेल तेव्हा वहीत नाव, नेण्याची व परत करण्याची वेळ, सोबत नेलेला चार्जर आणि माऊस यांची नोंद करून सही करावी. प्रत्येकीचे विंडोज खाते आणि पासवर्ड वेगळे असावेत, कारण गटांच्या कर्जाच्या याद्या आणि सदस्यांचे आधार तपशील त्यात असणार आहेत. वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. महिनाभराने सुरू केली की ज्या बाईच्या नावाने ती सुरू होते, तिच्या मनाला ते लागते. एसटीने नेताना बॅग वरच्या फळीवर न टाकता मांडीवर घ्यावी, आणि तिच्यात पाण्याची बाटली ठेवू नये.